लॅपटॉपची आगोट : लिनक्सवर बॅटरी सांभाळणारा डीमन नीट कसा बसवायचा

मे महिन्यात कोकणात आगोटीची कामं निघतात. कौलं परतायची, सरपण पडवीत रचायचं, मीठ-मिरची आणि सुकी मासळी डब्यांत भरायची. घरात लिनक्सचा लॅपटॉप असेल तर याच यादीत अर्ध्या दिवसाचं आणखी एक काम धरा. वीज सांभाळणारा डीमन बसवायचा आणि तो खरंच काम करतो का, हे पाऊस लागायच्या आत तपासायचं.

इथल्या लॅपटॉपला दोन अगदी वेगळे त्रास असतात. एप्रिल-मे महिन्यात तो आंब्याच्या पेट्यांशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर चार्जरला लावलेला असतो, बॅटरी सतत १०० टक्के. लिथियम-आयन बॅटरीला याहून वाईट काही नाही, कारण पेशी भरलेली आणि गरम असली की तिची क्षमता वापर न करताही झपाट्याने उतरते. जूनमध्ये मृग लागला की चित्र उलटतं. रात्री लाईट जाते, पहाटेपर्यंत येत नाही, आणि उघडी राहिलेली हिशेबाची फाइल घेऊन यंत्र विझतं. नुसतं लिनक्स बसवून सोडून दिलं तर या दोन्हींचा बंदोबस्त होत नाही. बॅटरी १०० पर्यंतच भरते, आणि वीज संपत आल्यावर शेवटची कारवाई होते ती थेट २ टक्क्यांवर. वर्ष-दोन वर्षं वापरलेल्या बॅटरीचे ते २ टक्के बहुतेकदा फक्त पडद्यावर असतात.

सगळ्या कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायची. कॉन्फिगच्या ओळींतलं नाव मोठ्या लिपीत, बाकी सगळं लहान लिपीत. उदाहरणं डेबियन आणि उबुंटू धरून आहेत.

होडी एक, तांडेल किती?

डीमन म्हणजे पडद्यामागे चालू राहणारा प्रोग्राम. त्याला खिडकी नसते, बटण नसतं. तो घटनेची वाट बघत बसतो आणि घटना घडली की ठरलेलं काम करतो. हे नाव १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये रुजलं, ते भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या कल्पित राक्षसावरून. झडपेपाशी बसून न थकता रेणू निवडत राहणारा तो राक्षस. त्यामुळे ‘डेमन’ म्हटलं तरी चालतं.

लॅपटॉपमध्ये विजेशी संबंध असलेले डीमन एकापेक्षा जास्त असतात, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. सर्वांत खाली कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. तो एसीपीआय या व्यवस्थेमार्फत फर्मवेअरशी, म्हणजे यंत्रातच भरलेल्या मूळ प्रोग्रामशी, बोलतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये ही व्यवस्था आणली, त्याआधी एपीएम होतं. कर्नल बॅटरीचे आकडे साध्या फाइलींत ठेवतो, स्वतः निर्णय फारसे घेत नाही. यूपॉवर नावाचा डीमन ते आकडे वाचतो आणि बॅटरी संपत आली की शेवटची कारवाई करतो. झाकण मिटलं किंवा पॉवरचं बटण दाबलं तर काय करायचं ते सिस्टमडी-लॉगइनडी ठरवतो. आणि प्रोसेसर, वायफाय, यूएसबी यांना किती हात आखडून चालवायचं हे ठरवणारा चौथा कुणीतरी असतो: पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, टीएलपी किंवा ट्यूनडी.

पहिल्या तिघांचं एकमेकांत भांडण नाही, कारण कामं वेगळी आहेत. भांडण होतं ते चौथ्या जागेवर. दोघं एकाच वेळी बसवले तर एक जण प्रोसेसरला सांगतो दमाने घे, दुसरा सांगतो पळ. ज्याचा शब्द शेवटी पडला तो चालतो, आणि लाईटच्या प्रत्येक ये-जा बरोबर निकाल बदलतो. होडीवर तांडेल एकच असतो. इथेही कोणता ठेवायचा ते आधी ठरवा, मग बसवा.

काही नवं बसवण्याआधी बॅटरीची नाडी बघा. टर्मिनल उघडून (इथे ‘बॅट’ मोठ्या लिपीत):

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/एनर्जी_फुल_डिझाइन
कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/एनर्जी_फुल

आकडे मायक्रोवॅट-तासांत येतात, म्हणजे शेवटची सहा स्थानं सोडून वाचायचं. समजा पहिला आकडा ५००००००० आणि दुसरा ३८२००००० आला. कारखान्यातून निघताना बॅटरी ५० वॅट-तासांची होती, आज पूर्ण भरूनही ३८.२ च मावतात, म्हणजे ७६ टक्के शिल्लक. काही यंत्रांत ‘एनर्जी’ऐवजी ‘चार्ज’ नावाच्या फाइली असतात आणि आकडे मायक्रोअँपिअर-तासांत. गुणोत्तर तसंच काढायचं. काही ठिकाणी बॅट० नसून बॅट१ असतं. त्याच फोल्डरमधली पॉवर_नाऊ ही फाइल आत्ता किती वीज जाते ते सांगते. चार्जर काढून ८०००००० दिसलं तर ८ वॅट. ३८.२ ला ८ ने भागा: पावणेपाच तास. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढच्या आगोटीला कामाला येतील.

टीएलपी बसवताना

पॉवर-प्रोफाइल्स-डीमन वाईट नाही. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये कोपऱ्यात बचत, समतोल आणि वेग असे तीन पर्याय दिसतात ते त्याचेच. पण लाईट गेली-आली म्हणून यूएसबी, वायफाय, डिस्क यांचं बारीकसारीक तो बघत नाही, आणि चार्जिंगची मर्यादा हे त्याचं कामच नाही. फेडोराने ४१ व्या आवृत्तीपासून त्याच्या जागी ट्यूनडी आणला. इथे टीएलपी निवडायचं कारण एकच: चार्जिंगची मर्यादा आणि ‘चार्जरवर असं, बॅटरीवर तसं’ हे दोन्ही एकाच फाइलीतून होतं. काटेकोर बोलायचं तर टीएलपी हा चोवीस तास जागा राहणारा डीमन नव्हेच. तो यंत्र सुरू होताना, चार्जर लागताना-निघताना आणि झोपेतून उठताना धावून येतो, सेटिंग लावतो आणि निघून जातो. म्हणून तो स्वतः बॅटरी खात नाही.

सुडो एपीटी इन्स्टॉल टीएलपी टीएलपी-आरडीडब्ल्यू

या वेळी एपीटी (प्रोग्राम बसवणारं साधन) पॉवर-प्रोफाइल्स-डीमन काढू का विचारेल, तर हो म्हणा. विचारलं नाही तर तो आहे का ते बघून हाताने बंद करा:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क पॉवर-प्रोफाइल्स-डीमन.सर्व्हिस

‘मास्क’ महत्त्वाचं. नुसतं ‘डिसेबल’ केलं तर ग्नोम हाक मारून त्याला परत उठवू शकतो. मास्क केल्यावर कोपऱ्यातले ते तीन पर्याय दिसेनासे होतील. ते बिघाड नाही, तसंच व्हायला हवं. त्याच दमात सिस्टमडी-आरएफकिल.सर्व्हिस आणि सिस्टमडी-आरएफकिल.सॉकेट हे दोन्ही मास्क करा, नाहीतर वायफाय-ब्लूटूथ चालू-बंद करण्यात दोघांचे हात अडकतात. मग:

सुडो टीएलपी स्टार्ट
सुडो टीएलपी-स्टॅट -एस

दुसऱ्या कमांडच्या उत्तरात टीएलपी चालू आहे का, शेवटचा कधी धावला आणि यंत्र आता चार्जरवर आहे की बॅटरीवर, हे दिसतं. दुसरा कुणी डीमन आडवा येत असेल तर त्याची सूचनाही इथेच येते. ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळी सेटिंग /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ या फाइलीत असतात. तिला हात न लावता /ईटीसी/टीएलपी.डी/ या फोल्डरमध्ये ५०-कोकण.कॉन्फ अशी स्वतःची फाइल करा. मूळ फाइलीत तीच सेटिंग चालू ओळीत लिहिलेली असेल तर मात्र मूळ फाइलच वरचढ ठरते, तेव्हा तिथे काही लिहू नका. असं केलं तर अपडेट आलं की ‘जुनी ठेवू की नवी’ हा प्रश्न उरत नाही.

७५ आणि ८०

आपल्या फाइलीत आधी या दोन ओळी:

स्टार्ट_चार्ज_थ्रेश_बॅट०=७५
स्टॉप_चार्ज_थ्रेश_बॅट०=८०

अर्थ असा की बॅटरी ७५ च्या खाली गेली तरच चार्जिंग सुरू होईल आणि ८० ला थांबेल. स्टॉपचं सगळ्यांना पटतं, स्टार्टचं पटत नाही. पण पावसाळ्यात लाईटचा लपंडाव सुरू झाला की दिवसात पंधरा-वीस वेळा वीज जाते आणि येते. स्टार्टची मर्यादा नसेल तर दर वेळी एक-दोन टक्के उतरलेली बॅटरी पुन्हा वर ढकलली जाते आणि दिवसभर हेच चालतं. ७५ असेल तर बॅटरी या झटक्यांकडे बघतही नाही.

यातूनच नेहमीची एक तक्रार येते: ‘चार्जर लावलाय, ७८ टक्के आहे, आणि चार्ज होत नाही.’ बरोबरच आहे, ७८ म्हणजे ७५ च्या वर. पडद्यावर ‘नॉट चार्जिंग’ दिसेल. दुरुस्तीच्या दुकानात नेण्याआधी आपणच ही मर्यादा घातली होती, हे आठवा.

प्रत्येक यंत्र हे दोन्ही आकडे ऐकत नाही. सुडो टीएलपी-स्टॅट -बी ही कमांड तुमच्या यंत्राला काय जमतं ते सांगते. थिंकपॅड दोन्ही मर्यादा पाळतो. असूसच्या यंत्रांत फक्त वरची चालते. लेनोवोच्या आयडियापॅडमध्ये आकडा निवडता येत नाही. तिथे स्टॉपला १ लिहिलं की मॉडेलनुसार ६० किंवा ८० ला चार्जिंग थांबतं. एलजीमध्ये ८० किंवा १०० एवढंच. डेलमध्ये ही सोय बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये) पूर्वीपासून आहे, नव्या कर्नलमधून बाहेरूनही हाताळता येते. एचपीच्या बहुतेक यंत्रांत हा पर्याय असलाच तर बायोसमध्ये शोधावा लागतो. बायोसमधून मर्यादा घातली असेल तर टीएलपीत या ओळी लिहू नका. ग्नोमच्या ४८ व्या आवृत्तीपासून सेटिंगमध्ये बॅटरीचं आयुष्य जपण्याचा पर्यायही आला आहे. तो आणि टीएलपी दोघं कर्नलच्या त्याच फाइलीत लिहितात, तेव्हा एकच ठेवा.

८० च्या मर्यादेने वेळ किती जातो? वरच्याच उदाहरणात ३८.२ चे ८० टक्के म्हणजे साडेतीस वॅट-तास, ८ वॅटने पावणेचार तास. एक तास गेला. रोजच्या कामाला तो जाणवत नाही, वादळात जाणवतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा घासत वर गेलं. अशा वेळी हवामान खात्याचा इशारा आला की चार्जर लावून:

सुडो टीएलपी फुलचार्ज

बॅटरी १०० पर्यंत भरते. यंत्र पुन्हा सुरू केलं की मर्यादा आपोआप जागेवर येते, फाइल बदलावी लागत नाही.

प्रोसेसरसाठी दोनच ओळी पुरतात: सीपीयू_एनर्जी_पर्फ_पॉलिसी_ऑन_बॅट=बॅलन्स_पॉवर आणि सीपीयू_बूस्ट_ऑन_बॅट=०. दुसरीमुळे बॅटरीवर असताना प्रोसेसर उड्या मारत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली काम असेल तर सीपीयू_बूस्ट_ऑन_एसी=० सुद्धा ठेवून बघा. हिशेब, ई-मेल, बिलं यांत फरक कळत नाही, पण लॅपटॉपचा तळ गार राहतो आणि त्याला चिकटून असलेली बॅटरीही. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून घाबरू नका. नव्या इंटेल आणि एएमडी प्रोसेसरांत त्या नावाखालीही वेग गरजेप्रमाणे वर-खाली होतो.

लाईट गेल्यावर शेवटी काय होतं

हा भाग लोक वगळतात आणि नंतर पस्तावतात. /ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ उघडा (इथे यूपॉवर या नावातली पहिली दोन्ही अक्षरं, ‘यू’ आणि ‘पी’, मोठ्या लिपीत आहेत) आणि या ओळी बदला:

पर्सेंटेजलो=२०
पर्सेंटेजक्रिटिकल=१२
पर्सेंटेजअ‍ॅक्शन=१०
क्रिटिकलपॉवरअ‍ॅक्शन=हायबरनेट

या नावांत मोठी-लहान अक्षरं फाइलीत आहेत तशीच राहू द्या, फक्त ‘=’ नंतरचं बदला. तिन्ही आकडे उतरत्या क्रमात हवेत. अ‍ॅक्शन १० केलं आणि क्रिटिकल ५ च राहिलं, तर यूपॉवर काही न बोलता तिन्ही टाकून देतो आणि स्वतःचे मूळ आकडे धरतो. तक्रार नाही, सूचना नाही. जुन्या बॅटरीत ७-८ टक्क्यांवर व्होल्टेज एकदम कोसळतं, म्हणून अ‍ॅक्शन १० वर. नंतर सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट यूपॉवर. केडीई आणि एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपची ‘बॅटरी संपत आल्यावर’ अशी स्वतःची वेगळी सेटिंग असते, तिथेही तेच निवडा.

हायबरनेट म्हणजे मेमरीतला सगळा मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद. सस्पेंडमध्ये मेमरी जागी राहते आणि थोडी थोडी वीज खाते. लाईट कधी येईल याचा भरवसा नसताना सस्पेंड म्हणजे नुसती मुदतवाढ. पण हायबरनेटला जागा लागते, आणि इन्स्टॉल करताना स्वॅप, म्हणजे मेमरीला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, बरेचदा एक-दोन जीबीच दिलेली असते. ८ जीबी मेमरी असेल तर १० जीबीची स्वॅप फाइल धरा. झीरॅमची स्वॅप इथे चालत नाही, कारण ती मेमरीतच असते. पेटी भरून ठेवायला तीच पेटी दिल्यासारखं होईल. ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइल-पद्धतीच्या डिस्कवर:

सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=१०२४०
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

‘१एम’ मधला एम मोठा. या नावाची फाइल आधीपासून असेल तर दुसरं नाव घ्या, चालू स्वॅपवर लिहू नका. डीडीमध्ये ओएफच्या पुढचं नाव एंटर मारण्याआधी दोनदा वाचा. चुकून डिस्कचं नाव पडलं तर परत विचारणारं कुणी नाही. फाइल कायम राहावी म्हणून /ईटीसी/एफएसटॅबमध्ये तिची ओळ घाला. आता कर्नलला ती कुठे आहे ते सांगायचं. फाइंडएमएनटी -एनओ यूयूआयडी -टी /स्वॅपफाइल ही कमांड डिस्कचा लांब ओळखक्रमांक देते. तिच्यात ‘यूयूआयडी’ आणि ‘-टी’ मोठ्या लिपीत. सुडो फाइलफ्रॅग -व्ही /स्वॅपफाइल एक तक्ता देते. त्यात ० क्रमांकाच्या ओळीत ‘फिजिकल_ऑफसेट’ खाली जोडीने आकडे असतात, त्यातला पहिला घ्यायचा, मागची दोन टिंबं सोडून. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये ‘ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट’च्या अवतरणचिन्हांत, आधीच्या शब्दांनंतर रीझ्यूम=यूयूआयडी=(तो क्रमांक) रीझ्यूम_ऑफसेट=(तो आकडा) असं जोडा. ‘रीझ्यूम’ आणि ‘ऑफसेट’ लहान लिपीत, ‘यूयूआयडी’ मोठ्या. मग सुडो अपडेट-ग्रब आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, आणि यंत्र पुन्हा सुरू.

बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल-पद्धतीवर ऑफसेट असा काढता येत नाही, तिथे स्वॅपचं वेगळं पार्टिशन केलेलं बरं.

सगळं बरोबर करूनही हायबरनेट होत नसेल तर कॅट /सिस/पॉवर/डिस्क चालवा. चौकटी कंसात ‘डिसेबल्ड’ दिसलं तर कारण बहुधा सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय. ते चालू असलं की कर्नल स्वतःला कुलूप घालतो आणि हायबरनेट बंद करतो. एक तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, नाहीतर क्रिटिकलपॉवरअ‍ॅक्शनला पॉवरऑफ ठेवा. बँकेचं किंवा कार्यालयाचं यंत्र असेल तर दुसरंच करा. सेव्ह न केलेलं जाईल, पण डिस्क नीट मिटली जाईल.

चाचणी घ्यायलाच हवी. एखादी फाइल उघडी ठेवून सुडो सिस्टमसीटीएल हायबरनेट. पूर्ण बंद झाल्यावर बटण दाबा, फाइल जशीच्या तशी समोर यायला हवी. हे जमलं की खरी परीक्षा: चार्जर काढा, बॅटरी १० टक्क्यांपर्यंत उतरू द्या आणि डीमन स्वतः काय करतो ते शेजारी बसून बघा.

झाकणाचं थोडक्यात. /ईटीसी/सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फमध्ये हँडललिडस्विच=सस्पेंड-देन-हायबरनेट आणि /ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फमध्ये हायबरनेटडिलेसेक=३०मिन. नावांतली मोठी-लहान अक्षरं इथेही फाइलीत आहेत तशीच, ‘मिन’ लहान लिपीत. झाकण मिटल्यावर अर्धा तास सस्पेंड, मग हायबरनेट. बदल लागू व्हायला यंत्र पुन्हा सुरू करा. लॉगइनडी तिथल्या तिथे रीस्टार्ट केला तर पडद्यावरचं सगळं कोसळू शकतं. नवे लॅपटॉप ‘एसटूआयडल’ या उथळ झोपेतच जातात. कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप मध्ये ‘डीप’ नसेल तर तुमचाही त्यातलाच. असं यंत्र बॅगेत घालून रत्नागिरीहून एसटीने निघालात तर चिपळूणला बॅग उबदार लागेल. अर्ध्या तासाची ती ओळ त्यासाठीच.

इन्व्हर्टरचा चकवा

घरात इन्व्हर्टर असेल तर वर केलेलं बरंचसं वाया जाऊ शकतं, कारण लॅपटॉपला लाईट गेल्याचं कळतच नाही. अडॅप्टरमधून वीज येत राहते, कर्नल म्हणतो चार्जरवर आहोत, टीएलपी चार्जरवरची सेटिंग लावतो, यूपॉवर निर्धास्त. इन्व्हर्टरची बॅटरी किती उरली हे लॅपटॉपला विचारण्याची सोय घरगुती इन्व्हर्टरना सहसा नसते. यूएसबीची तार असलेला यूपीएस असेल तर नट हा वेगळा डीमन त्याच्याशी बोलू शकतो. घरगुती इन्व्हर्टरला तो उपाय नाही.

शिवाय रिकामी बॅटरी भरताना ६५ वॅटचा अडॅप्टर जवळजवळ पूर्ण ताकदीने ओढतो, म्हणजे एका छताच्या पंख्याएवढं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून वीज काढायची, २३० व्होल्ट करायची, पुन्हा खाली आणायची आणि लॅपटॉपच्या बॅटरीत भरायची, यात दर पायरीला गळती. लाईट गेली की सरळ चार्जर काढा. आधी लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू द्या, ३० टक्क्यांवर आला की इन्व्हर्टरला लावा. कमी व्होल्टेजची चिंता मात्र फार नको. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर संध्याकाळी दिवे मिणमिणू लागले तरी त्याचं काम चालू राहतं.

जिथे बिनसतं

नेटचं डोंगल मधेच मेल्यासारखं होतं, बिल छापणारा यूएसबी-सिरियल प्रिंटर पहिली पावती गिळतो, अशी लक्षणं टीएलपी बसवल्यावरच सुरू झाली असतील तर कारण यूएसबी ऑटोसस्पेंड. काम नसलेल्या उपकरणाला टीएलपी झोपवतो आणि काही उपकरणं नीट उठत नाहीत. एलएसयूएसबी चालवा. प्रत्येक उपकरणापुढे दोन टिंबांनी जोडलेला चार-चार अक्षरांचा क्रमांक दिसेल. तो आपल्या फाइलीत यूएसबी_डेनायलिस्ट= च्या पुढे अवतरणचिन्हांत लिहा आणि सुडो टीएलपी स्टार्ट. त्या एका उपकरणाला सूट मिळते, बाकीची बचत चालू राहते. बॅटरीवर वायफाय अडखळत असेल तर वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट=ऑफ. पण त्याआधी राउटर चालू आहे का ते बघा. लाईट गेल्यावर तोही गेलेला असतो.

किनाऱ्यावरचा खास बिघाड वेगळाच, आणि तो सॉफ्टवेअरचा वाटतो. पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त होतो, पंखा मधेच बदलतो, चार्जिंगचं चिन्ह येतं-जातं. लोक टीएलपी काढून टाकतात, तरी थांबत नाही. अशा वेळी हे चालवा:

यूडेव्हएडीएम मॉनिटर --प्रॉपर्टी --सबसिस्टम-मॅच=पॉवर_सप्लाय

आता चार्जरची पिन दोन बोटांत धरून अगदी हलकेच फिरवा. पडद्यावर ओळी धावू लागतात: पॉवर_सप्लाय_ऑनलाइन=०, लगेच पॉवर_सप्लाय_ऑनलाइन=१, पुन्हा ०. घरातला बल्ब मात्र स्थिर. म्हणजे लाईट जात नाहीये, पिन सुटतेय. खाऱ्या हवेने पिनवर आणि खाचेत हिरवट-पांढरा थर धरतो, संपर्क तुटक होतो, आणि टीएलपी बिचारा दर वेळी इमाने इतबारे सेटिंग बदलत राहतो. यंत्र बंद करा, चार्जर भिंतीतून काढा, काडीला गुंडाळलेल्या कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिन आणि खाच पुसा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या. खोबरेल तेल नको, त्याने धूळ चिकटते. पुसूनही ओळी धावत राहिल्या तर खाच ढिली झाली आहे, ती बदलावी लागेल. टीएलपी बिनघोर परत बसवा.

लिनक्सऐवजी बीएसडी (लिनक्ससारखीच पण वेगळी प्रणाली) वापरणाऱ्यांना हे सगळं बरंच आटोपशीर आहे. फ्रीबीएसडीवर सिसआरसी पॉवरडी_इनेबल=येस (‘येस’ मोठ्या लिपीत), मग सर्व्हिस पॉवरडी स्टार्ट. तो फक्त प्रोसेसरचा वेग बघतो, बॅटरी किती उरली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ओपनबीएसडीचा एपीएमडी अधिक कामाचा:

आरसीसीटीएल इनेबल एपीएमडी
आरसीसीटीएल सेट एपीएमडी फ्लॅग्ज -ए -झेड १०
आरसीसीटीएल स्टार्ट एपीएमडी

इथे ‘ए’ आणि ‘झेड’ मोठ्या लिपीत. मोठा झेड म्हणजे चार्जर नसताना १० टक्क्यांवर हायबरनेट, लहान झेड म्हणजे नुसतं सस्पेंड. एका अक्षराने रात्रभराचा फरक पडतो.

गणपतीनंतर घर मिटून मुंबईला जाणार असाल आणि लॅपटॉप गावीच राहणार असेल, तर त्याला सस्पेंडमध्ये किंवा चार्जरला लावून ठेवू नका. बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून यंत्र पूर्ण बंद करा आणि चार्जर भिंतीतून काढा. भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटात बुरशी धरते, त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. शिमग्याला परतल्यावर आधी सपाट जागी ठेवून बघा. यंत्र डगमगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जर लावायचा नाही, टीएलपीचे आकडे बघत बसायचं नाही, बॅटरी आधी काढून घ्यायची.